शिशाच्या कपाटात ठेवलेला बॅज

आधी तिचं सांगते, मग माझं.

मी आज या दवाखान्यात कामावर टिकून आहे, दहावी पास झाल्याचा कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि हे लिहिताना अक्षरं धूसर दिसत नाहीत कारण डोळ्यांवर चष्मा आहे. यातलं काहीच माझ्या एकटीच्या हिमतीवर झालेलं नाही. एका मुलीनं केलं. वयानं माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, सिल्लोडची. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली, त्यातही अणूच्या केंद्राचा विषय घेतलेली, त्यावर आणखी किरणोत्साराचा पदव्युत्तर डिप्लोमा केलेली. त्या शिक्षणाचं शेवटचं एक वर्ष दवाखान्यात काम करून पुरं करायचं असतं, त्यासाठी ती आमच्या विभागात आली होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. ती मला मावशी म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचे. नावावाचून आमचं कधी अडलं नाही.

आणि मी तिचं काय केलं, तेही लगेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहून होणार नाही. एका शनिवारी मी तिची एक वस्तू जपून ठेवली. त्या जपण्यामुळं तिच्या हातातोंडाशी आलेली नोकरी हुकली.

माझं माहेर हदगावच्या पलीकडं. पण माहेर म्हणजे गावातलं घर नव्हे, मेंढरांमागं फिरणारं बिऱ्हाड. आज या शिवारात, चार दिवसांनी त्या शिवारात. सातवीपर्यंत मी मामाच्या गावी राहून शाळा केली. पुढं मामीला माझं ओझं झालं आणि आईला माझी गरज लागली, शाळा तिथंच थांबली. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर मी बजाजनगरला आले. तो वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होता. तो गेला, आजारानं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. सासरी कुणी 'ये' म्हटलं नाही आणि भावांचा ठावठिकाणा फोन लागला तरच कळतो. मी खोली सोडली नाही. संभाजीनगरात मला ओळखणारी माणसं म्हणजे घरमालकीण, कोपऱ्यावरचा दळणवाला आणि ठेकेदाराचा सुपरवायझर, ज्यानं मला दवाखान्यात मावशी म्हणून लावलं.

दवाखान्यात मावशा पुष्कळ आहेत, पण आमच्या विभागात यायला कुणी तयार नव्हतं. तळमजल्याच्या टोकाला, दारावर पिवळी पाटी, तिच्यावर तीन काळ्या पाकळ्या. इथं पेशंटला थोडंसं किरणोत्सारी औषध सुईतून देतात किंवा पाजतात. ते अंगात जिथं जाऊन बसतं, तिथलं चित्र मोठं मशीन काढतं. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा एक मावशी म्हणाली, "नको बाबा, तिथं काम करणारीला लेकरू होत नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तसंही नव्हतं. मी हात वर केला.

त्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत माझा डबा वेगळा झाला. भांडून नव्हे, हसत हसत. "सरक गं थोडी, तुझी किरणं माझ्या भाकरीत पडतील." "वीज गेली ना, की हिलाच उभी करा जिन्यात, लख्ख उजेड पडंल." मीही हसायचे. मग हळूहळू मी आमच्याच कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीखालच्या बाकावर जेवायला लागले. तिथं मला कुणी हसायला लावत नव्हतं आणि बोलायलाही कुणी नव्हतं. असे दिवस गेलेत की सकाळी रिक्षावाल्याला "दवाखाना" म्हटलं आणि संध्याकाळी "बजाजनगर" म्हटलं, मधे माझ्या तोंडून शब्द गेला नाही.

त्या बाकापाशी ती आली. पहिल्याच आठवड्यात, हातात स्टीलचा डबा.

"मावशी, इथं बसू का?"

"मॅडम, माझ्यापाशी किरणं असतात म्हणतात."

"माझ्यापाशी पण असतात," ती बसत म्हणाली, "बेरीज होईल."

तिच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा होता. माझ्या डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिनं न विचारता माझी अर्धी भाकरी उचलली आणि खिचडी माझ्या झाकणात ओतली. इतक्या महिन्यांत माझ्या डब्याला दुसऱ्याचा हात लागला तो तेव्हा. मी खाली मान घालून जेवले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असतं. ठेचा तिला झोंबला. ती आं-आं करत पाणी शोधायला लागली आणि मला बरं झालं, दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मग रोजच बसायला लागलो. मी विचारायचे, ती सांगायची. मला वाटायचं, अणू शिकलेली माणसं बॉम्बच बनवत असणार. ती म्हणाली, "तुमचंच नाही, मावशी. माझे मामू सरकीच्या दुकानावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, भांजी बम बनाती. मी सांगून थकले."

"मग एवढं शिकून पोरं जातात कुठं?"

ती बोटांवर मोजायला लागली. "एक समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात आहे. पाळीनं काम. म्हणतो, दिवसभर काट्यांकडं बघायचं अन् काटा हलला नाही की खूश व्हायचं. एक जण कांदे अन् मसाल्यावर किरणं मारायच्या कारखान्यात लागला, त्यानं कांद्याला कोंब येत नाहीत. एक पाइपांचे जोड तपासत फिरतो. आपण हाडाचा फोटो काढतो ना, तसा तो लोखंडाचा काढतो. माझी एक मैत्रीण बियाण्यावर संशोधन करते. एक पीएचडीला लागली, तिचं अजून चालूच आहे. अन् दोघं इथंच बारावीच्या क्लासला शिकवतात, त्यांना विचारलं की म्हणतात, तात्पुरतं आहे."

"कांद्याला पण किरणं?"

"कांद्याला पण."

मला त्या कांदेवाल्याचं लई नवल वाटलं. तिचं स्वतःचं असं होतं की इंटर्नशिप पुरी झाली की दवाखान्यात भौतिकशास्त्राची तज्ज्ञ म्हणून लागायचं. कुणाला किती किरणं द्यायची याचं गणित डॉक्टरांबरोबर बसून करायचं, आणि पुढं परीक्षा देऊन किरणांच्या सुरक्षेची अधिकारी व्हायचं. हे कुठून डोक्यात आलं विचारलं, तर म्हणाली, शाळेत असताना तिच्या नानीला गळ्याच्या आजारासाठी आयोडीनचं औषध पाजलं होतं. चार दिवस नानीला वेगळ्या खोलीत ठेवलं, जवळ जाऊ देत नव्हते. "मी काचेतून बघायचे. नानी आतून हात हलवायची. सगळे रडत होते अन् मला एवढंच वाटत होतं की त्या बाटलीत नेमकं होतं काय."

ते काय होतं, हे तिनं मला त्या बाकावर समजावलं. आयोडीन आठ दिवसांनी अर्धं होतं, पुढच्या आठ दिवसांनी त्याच्या अर्धं.

"अन् सगळं कधी संपतं?"

"संपत नाही, मावशी. एवढं कमी होतं की मोजणाऱ्याला कळत नाही."

"पण असतं तर."

"असतं."

मी डबा धुवायला उठले.

माझी शाळा सातवीतच सुटल्याचं तिला कळलं, तेव्हा तिनं सतरा नंबरच्या फॉर्मचं काढलं, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचं. मी उडवून लावलं. तिनं माझा शाळेचा दाखला बघायला मागितला. तो माझ्यापाशी होता, घडीवर घडी घातलेला, घड्यांमधे जुनं पीठ अडकलेलं. वाचताना मी कागद लांब धरते हे तिनं बघितलं आणि पुढच्या रविवारी मला शहागंजात नेऊन चष्मा करून आणला. त्या दिवशी दुकानाबाहेर उभं राहून मी हातातल्या बिलावरच्या सगळ्या बारीक ओळी वाचून काढल्या. ती शेजारी उभी राहून "पुढची?", "पुढची?" करत होती.

दाखल्यात पीठ का, ते सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथूनच आलं.

फिरत्या बिऱ्हाडाला दार नसतं आणि कुलूपही नसतं. माझी आई जे काही मोलाचं असेल ते सगळ्यांत जड वस्तूखाली ठेवायची, म्हणजे जात्याखाली. तिची नथ, आजोबांची सही असलेला एक कागद, माझा दाखला, सगळं फडक्यात बांधून जात्याच्या तळीखाली. "चोराला घाई असती," ती म्हणायची, "जातं उचलत बसायला त्याला येळ नसतो." आमच्यात सगळ्याच बायका असं करायच्या. मीही खोलीवर तेच करते, जातं नाही तर गहू भरलेला डबा. जपायचं म्हणजे जडाखाली किंवा जडाच्या आत, हे माझ्या हाताला माहीत आहे, डोक्याला विचारावं लागत नाही.

आता बॅज. आमच्या विभागात प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. त्याच्या आत छोट्या चकत्या असतात. अंगावर जेवढी किरणं पडतील तेवढी त्या धरून ठेवतात. तीन महिन्यांनी सगळे बॅज मोजायला बाहेर पाठवतात आणि कुणावर किती पडली ते कागदावर येतं. ड्युटी संपली की बॅज कॉरिडॉरमधल्या लाकडी पाटीवरच्या खिळ्याला अडकवायचा, किरणांपासून लांब. त्या शनिवारच्या आधी काही दिवस एका टेक्निशियनचा बॅज सापडेना, तर विभागात नुसता गोंधळ. "मावशी, झाडताना गेला का बघा." मी कचऱ्याच्या पिशव्या एकेक उघडून बघितल्या. शेवटी तो त्याच्या घरी, धुवायला टाकलेल्या कोटाच्या खिशात निघाला. मला कुणी काही म्हटलं नव्हतं, पण ते दोन दिवस मी जेवले नव्हते.

त्या शनिवारी तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. दोनची सिल्लोडची गाडी धरायची म्हणून ती घाईनं गेली. संध्याकाळी मी विभाग बंद करायला आले तर औषध भरायच्या खोलीत, टेबलावर, तिचा बॅज. टेक्निशियन घरी गेलेले. रविवारी कॉरिडॉरला रंग देणारे येणार होते, म्हणून खिळ्यांची पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. आता हा कुठं ठेवू? लग्नघरात फोन कशाला करायचा. माझ्या खोलीवर न्यावा तर दवाखान्याची वस्तू बाहेर नेली म्हणतील. टेबलावर राहू द्यावा तर उद्या रंगवाले पाणी प्यायला कुठं कुठं शिरतील.

त्या खोलीत एक शिशाचं कपाट आहे. कमरेएवढंच, पण दार ओढायला दोन्ही हात लागतात. खालच्या खणात वापरलेल्या औषधाच्या बाटल्या ठेवतात, त्यांचा जोर ओसरेपर्यंत. वरचा खण तेव्हा रिकामा होता. त्या कपाटाला हात लावायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला कुणीच हात लावत नाही आणि जे या विभागात सगळ्यांत जड आहे, त्यापेक्षा सुरक्षित जागा मला सुचली नाही. किल्ल्या माझ्यापाशीच होत्या. दार ओढलं, बॅज रुमालात गुंडाळून वरच्या खणात ठेवला, दार लोटलं. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन पाटी भिंतीवर लावली, बॅज काढून तिच्या खिळ्याला अडकवला. ती आली, लावला, कामाला लागली. माझ्यासाठी लग्नातली मिठाई आणली होती. मी बॅजचं बोलले नाही. मॅडमला कशाला ओशाळं करायचं, असं वाटलं. आणि मनातल्या मनात आईला म्हटलं, जात्याखालीच ठेवलं बघ.

मग तीन महिन्यांचे बॅज गेले आणि काही आठवड्यांनी कागद आला. तोपर्यंत मी तो शनिवार विसरून गेले होते.

किरणांच्या सुरक्षेचे जे सर आहेत त्यांनी तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं. तिच्या नावापुढं जो आकडा आला होता तो आमच्या विभागात आजवर कुणाचाच आला नव्हता. सर ओरडले नाहीत, त्यांचा आवाज उलट बसला होता. चौकशी होईपर्यंत तिनं किरणांच्या कुठल्याच खोलीत जायचं नाही, रक्त तपासायचं, आणि एवढी किरणं कशी लागली ते लिहून द्यायचं. जेवढे दिवस बाहेर बसेल तेवढे इंटर्नशिपमधे धरणार नाहीत. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका कर्करोगाच्या दवाखान्यानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, तिच्या किरणांची नोंद बरोबर आणायला सांगून.

"सर, मला खरंच माहीत नाही," एवढंच ती म्हणत होती.

बाहेर टेक्निशियन दुसऱ्याला सांगत होता, "अंगावर एवढं लागूच शकत नाही रे. बॅज कुठंतरी बाटल्यांपाशी पडून राहिलेला असणार. पण कोण सांगणार?"

मी फरशी पुसत होते. बाटल्यांपाशी हा शब्द ऐकला आणि मला ते कपाट दिसलं, वरचा खण, माझा रुमाल.

इथून पुढं जे लिहायचं त्याची मला लाज वाटते. मी पाच दिवस बोलले नाही. बोलले असते तर सुपरवायझरनं त्याच दिवशी काढलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. या शहरात मी आहे ती या कामामुळं. काम गेलं तर खोली जाते आणि खोली गेली तर मी जायचं कुठं, कुठल्या शिवारात भावांना शोधत फिरायचं? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. दारातली पिवळी पाटी बघितली की उद्यावर ढकलायचे.

तिला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं होतं, जुन्या फायलींमधे. तिथं तिला काही काम नव्हतं. म्हणून ती मला शिकवायला लागली, आधीपेक्षा जास्त वेळ. "मावशी, माझ्याकडं वेळच वेळ आहे, भिंगाचा धडा आणा." मी पुस्तक घेऊन समोर बसायचे. तिनं माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, खिडकी आणि भिंत यांच्यामधे धरला, मागंपुढं केला. भिंतीवर खिडकी उमटली, उलटी. गज, बाहेरचा लिंब, त्याखालची ॲम्ब्युलन्स, सगळं पाय वर करून. "हे बहिर्गोल भिंग. लांबचं उलटं पडतं. लिहा." मी लिहिलं. एकच ओळ दोनदा लिहिली गेली. ती म्हणाली, "परीक्षेची एवढी भीती नको, मावशी."

पाचव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. मी समोरच होते. "हौ अम्मी... नई, मेरेकू कुछ नई हुआ. मशीन में कुछ गड़बड़ है, देख रै लोगां... नक्को, तुम नक्को आओ... नई अम्मी, बाल नई झड़े." फोन ठेवून ती माझ्याकडं बघून हसली. "अम्मी विचारतेय केस गळायला लागले का. म्हणते, सोड ते सगळं अन् घरी ये." हसता हसता तिनं केसांतून हात फिरवला आणि तो हात बघितला. शिकलेली मुलगी, सगळं गणित येणारी, आणि तरी तिनं हात बघितला.

"मॅडम, तो बॅज मी ठेवला होता," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं, लग्न, रंगवाले, कपाट. ती उभी राहिली.

"आत? कपाटाच्या आत? तुम्ही दार उघडलं? हात घातला?"

"व्हय."

"किती वेळ?"

"ठेवताना... एक ते दहा म्हणायला लागतं तेवढा. काढताना पण तेवढाच."

"खालच्या बाटल्यांना हात लावला?"

"नाय."

तिनं माझी वही ओढली आणि भिंगाच्या आकृतीच्या मागं आकडे मांडायला लागली. मला वाटलं, माझ्यावर आरोप लिहितेय. बराच वेळ लिहून तिनं पेन ठेवलं. "तुम्हाला काही झालेलं नाही. घाबरू नका. एवढ्यानं काही होत नाही." तेव्हा मला कळलं की ती माझ्या हाताचं गणित करत होती.

मग ती खाली बसली. माझी वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "मी पाच दिवस इथं बसले, मावशी."

एवढंच. याच्याहून मोठं बोलणं मला आजवर कुणी बोललेलं नाही.

नंतर तिनंच समजावलं. ते कपाट आतल्या वस्तूला जपायला नाही. शिसं बाहेर उभ्या असलेल्यांना वाचवतं. आतली किरणं आतच राहतात, आणि दोन खणांच्या मधे फक्त पत्र्याची फळी आहे. त्या एका रविवारी तिच्या बॅजनं जे सोसलं ते तिनं जन्मात सोसलं नसतं. मी ऐकत होते आणि मला आईचं जातं आठवत होतं. आमच्या जात्याखालच्या वस्तूला जातं कधी चावलं नव्हतं.

सरांपुढं मी माझ्या हातानं लिहून दिलं. सरकारी कामाचं असं मी पहिल्यांदाच लिहिलं. पाऊण पान झालं, दोन ठिकाणी खोडलं. तिनं शुद्धलेखन सुधारलं नाही, म्हणाली, हे तुमचंच राहू द्या. सुपरवायझर आला. त्यानं पान वाचलंही नाही.

"उद्यापासून येऊ नका, मावशी. किरणांच्या कपाटाला हात घालता? उद्या काही झालं तर मला जेलात बसवाल."

"त्यांना काढलं तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, सर," ती म्हणाली. सुपरवायझरला नव्हे, आमच्या सरांना. "बॅज टेबलावर टाकून जायची चूक माझी आहे, ते मी लिहून दिलंय. अन् त्यांना कपाटाला हात लावू नको एवढंच सांगितलं, का ते आपण कुणी सांगितलं नाही. तेही मी लिहिलंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिकाऊ मुलीनं विभागाची चूक कागदावर लिहिलेली त्यांना आवडली नव्हती, ते दिसत होतं. पण त्यांनी ते पान फाडलं नाही. सुपरवायझरला म्हणाले, "राहू द्या त्यांना. शिकवायचं आमच्याकडं लागलं." मी कामावर राहिले ती अशी.

माझा कागद, तिचा कागद, सरांचं पत्र, सगळं वर गेलं. उत्तर यायला कितीतरी आठवडे लागले. ती किरणं अंगावर पडलेली नाहीत, नुसत्या बॅजवर पडलेली आहेत, असं लिहून आलं आणि तिची नोंद स्वच्छ झाली. बुडालेले दिवस तिनं पुढं भरून काढले. पण मुलाखतीची तारीख त्याआधीच गेली होती. त्या दवाखान्यानं थांबायला नकार दिला आणि जागा भरली. ते शहर सिल्लोडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं, म्हणून तिला ते हवं होतं. नंतर तिला नोकरी लागली ती परमुलखात, दोन रात्रींच्या गाडीवर, जिथली भाषा तिला येत नाही. जाताना माझ्या डब्यातला ठेचा बाटलीत भरून घेऊन गेली. "तिकडं माझ्याबरोबर कोण जेवणार, मावशी," म्हणाली, आणि मी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. तिला तिकडं मीच पाठवलं होतं.

मी दहावी झाले. विज्ञानात भिंगाचा प्रश्न आला होता. निकाल तिला फोनवर सांगितला तर ती तिच्या खोलीत एकटीच ओरडली, मला ऐकू आलं. आता दर वर्षी नवी मुलं-मुली शिकायला येतात, एमएस्सी होऊन आलेली, आणि पहिल्या दिवशी सर त्यांना माझ्याकडं पाठवतात. मी खिळ्यांच्या पाटीपुढं उभी राहून बॅज कुठं ठेवायचा आणि कुठं नाही ते सांगते, का तेही सांगते. ती मुलं मला 'बॅजवाल्या मावशी' म्हणतात. दुपारी कुणी बाकावर येऊन बसतं, कधी नाही बसत. बहुतेकदा मी एकटीच असते.

एक गोष्ट राहिली आहे. मागं एकदा फोनवर ती सहज बोलून गेली की तिची अम्मी अजून दर शुक्रवारी तिच्यासाठी दुआ मागते, अंगातली किरणं उतरावीत म्हणून. गल्लीतल्या बायकाही विचारतात, पोरगी बरी आहे ना. मी म्हटलं, "पण अंगात काही गेलंच नव्हतं. तुम्ही खरं का नाही सांगत?" ती म्हणाली, "सांगितलं तर अम्मी विचारेल, बॅज तिथं ठेवला कुणी. मग ती तुमच्या नावानं बोटं मोडेल. मला ते नको." म्हणजे इतक्या लांबून ती अजून मला पाठीशी घालतेय, आणि तिची आई जिवाला फुकट घोर लावून बसलीय.

मागच्या महिन्यात सुट्टी काढून मी बसस्थानकापर्यंत गेले. सिल्लोडची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "सिल्लोड, सिल्लोड, चला मावशी, जागा आहे." पाय उचलला नाही. गाडी गेली आणि मी बजाजनगरला परत आले.

पण जाईन. भीती जायची वाट बघत बसले तर ती काही जाणार नाही, तेवढं मला माझं कळतं. दहावीचा कागद बरोबर नेईन, चष्मा घालून जाईन, आणि त्या माउलीसमोर बसून सांगेन, तुमच्या पोरीच्या अंगाला काही लागलेलं नाही, जे झालं ते या हातानं झालं. मग त्या मला काय बोलायचं ते बोलू देत. तिनं माझ्यासाठी एक पान लिहिलं होतं. माझ्याकडून तिचं एवढं फेडायचं आहे, आणि ते मी फेडणार आहे.